एकेचाळीसावा आकडा

चिमटीत मावेल एवढी ती चिप
मी आम्लात उकळली, मार्चमधल्या एका दुपारी,
खिडक्या सताड उघड्या टाकून.
खाली द्राक्षमळ्यात कुणीतरी तारा ताणत होतं.
काळं कवच विरघळलं आणि आत निघालं
नखाएवढं शेत. वाफ्याला लागून वाफा.
प्रत्येक वाफ्यात रोप आहे,
नाहीतर नाही.
दहा रात्री मायक्रोस्कोपवर वाकून मोजत बसले:
आहे, नाही, नाही, आहे.

अँकोनाच्या दक्षिणेला, आमच्या या टेकडीवर
घरोघरी अकॉर्डियन बनायचे.
भात्याचा पुठ्ठा, पोलादी पात्या, मेणाचा वास.
मग त्र्याऐंशी साली
फॅक्टरीत पात्यांच्या जागी आकडे आले.
बाराच बिट. मेमरी सोन्याच्या भावाची,
म्हणून लाटेचा पाव हिस्साच साठवायचा,
चौसष्ट आकडे,
उरलेली पाऊण लाट आरशातून काढायची.

माझ्याकडे आज कोरी चिप आहे.
तिचं स्वतःचं असं काही नसतं,
सांगाल ते होते.
तिला म्हटलं, तू आता त्र्याऐंशी सालची.
झाली.
नाझ्झारेनोला बोलावलं. तीस वर्षं
लोकांच्या लग्नांत तेच यंत्र वाजवून
त्याच्या बोटांना घट्टे पडलेत.
त्यानं खर्जातले दोन सूर दाबले, मान तिरकी केली.
"ही ती नाही," म्हणाला.
"ही तिची बहीण. शाळा शिकलेली."

पुन्हा फोटो. पुन्हा वाफे.
एकेचाळीसावा आकडा सूत्रानं येतो १७२९.
चिपमध्ये होता १७९२.
मी तो फोटोवरची धूळ समजून
परस्पर नीट करून टाकला होता.
एकच खडा; पण आरशामुळे
एका आवर्तनात चार वेळा दाताखाली येणारा.
खालच्या 'ला'वर, सेकंदाला दोनशे वीस वेळा.

आकडे टाइप करणारी एर्सिलिया
अजून आहे, नुमानाला, औषधाच्या दुकानावर राहते.
चष्मा लावून तिनं कागद वाचला.
"एकोणतीसचे ब्याण्णव."
कानापर्यंत लाल झाली.
"सगळ्या यंत्रांत?"
"अकराशे."
"आणि कुणी बोललं नाही?"
"बोलले ना. म्हणाले, हिच्या खर्जात काहीतरी आहे."

मी विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं?
मला वाटलं, गोष्ट निघेल. ताप, भांडण,
कुणाची तरी चिठ्ठी.
तिनं बराच वेळ आठवून पाहिलं.
"काही नाही. मंगळवार असेल."
मग जिन्यापर्यंत सोडायला आली तेव्हा:
"दुरुस्त कर, पोरी.
माझ्या मागं लोकांनी माझी चूक वाजवू नये."

मी बोर्डावर एक बटण बसवलं. नाव दिलं नाही.
इकडे १७२९, तिकडे १७९२.
पहिली पेटी तिला पाठवली,
बटण बरोबर बाजूला ठेवून.

रविवारी फोन आला. मी कांदा परतत होते.
"ऐक," ती म्हणाली.
मी ऐकलं. काही नाही.
"वाजवतेयस का?"
"केव्हाची! खालचा 'ला' दाबून धरलाय,
इथं टेबल थरथरतंय."
फोनला इतका खर्ज पेलत नाही,
शुद्ध लाट तारेच्या त्या टोकालाच बुडते,
हे तिला कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होते
तेवढ्यात तिकडे खट् झालं.

आणि आली,
बाटलीत अडकलेल्या गांधीलमाशीसारखी,
बारीक, चिवट, खरखरीत,
नुमानाहून इथपर्यंत,
लाटेशिवायची नुसती ती चूक.

"आता?" तिनं विचारलं.
आता येतंय, मी म्हटलं.
ती काही बोलली नाही. बोटही उचललं नाही.
माझा कांदा करपला.